जांभळ्या ग्रहावरील मळा सुटल्याची हकीकत

आज्ञा जाहली की वर्तमान जैसे घडले तैसे लिहावे, पदरचे मीठमिरे लावू नये. त्याजवरून लिहिले ऐसे जे. विज्ञानकथाधुरंधर, कल्पनेच्या मुलखाचे मिरासदार, राजश्री लेखकराव खिडकीपाशी लॅपटॉप उघडोन बैसले आणि जांभळ्या ग्रहावर खासा मळा वसविते जाहले. मळा अफाट, नजर पोहोचेना. त्यात सहा हातांचे लक्षावधी मजूर निळी पाने खुडीत, आणि मळ्याचा धनी, तोच कथानायक, गच्चीवर उभा राहोन दोन सूर्यांचा अस्त पाहात उसासे टाकी.

मग रिवाजाप्रमाणे कथा बाईसाहेबांस, म्हणजे लेखकरावांचे कुटुंबास, वाचोन दाखविली. कारण शुद्धलेखनाची मुखत्यारी त्यांजकडे, आणि त्यांचे हाताखालून गेल्याविना संपादकांचे दरबारी कागद रुजू होत नसे. बाईसाहेब ओट्यापाशी पालेभाजी निवडीत होत्या. ऐकता ऐकता हात थांबला.

"अहो, हे जेवतात कधी?"

"कोण?"

"हेच, सहा हातवाले."

"अगं, यंत्रं आहेत ती!"

"मग दुसऱ्या पानावर त्यांना घाम का फुटलाय?"

घाम वातावरणनिर्मितीस्तव घातला होता, तो अंगाशी आला. बाईसाहेबांनी फर्मान काढिले की मजुरांचा निकाल लागेतोवर एक वेलांटी दुरुस्त होणार नाही. संपादकांची मुदत दुसरे दिवशी सायंकाळची, प्रसंग बाका. लेखकरावांनी तहाचे बोलणे लाविले आणि जेवणाची सुट्टी देऊ केली, ती फेटाळिली. मग आठवड्याची रजा कबूल केली आणि धन्याचे मुखी दयेचे लांबलचक भाषण घातले, तेही नामंजूर.

"भाषण नको. त्यालाच एकदा खुडू दे की."

तेव्हा धन्यास मळ्यात उतरविणे प्राप्त जाहले. उतरविला खरा, परंतु पुढे कलम चालेना. खुडता खुडता माणसाचे काय होते याची लेखकरावांस खबरच नव्हती. निरुपाय होवोन सकाळी खासा स्वारी स्वयंपाकघरात दाखल जाहली आणि भाजीच्या जुड्यांवर चालोन गेली. पहिल्या जुडीस आवेश थोर. मग मान अवघडली, मग कमरेने दगा दिला, आणि अखेरीस स्वारी तमाम मळेवाल्यांचा उद्धार करू लागली. "देठ कशाला टाकताय? कोवळे आहेत ते!" ऐसा बाईसाहेबांचा पिछाडीचा मारा चालूच होता. भाजी सर झाली आणि त्याच तिरीमिरीत भांडीही घासोन टाकिली.

मग भिंत धरीत लॅपटॉप गाठिला आणि एकटाकी लिहिले: धन्याने दिवसभर पाने खुडिली, संध्याकाळी कंबर सरळ होईना, मजुरांनी पाहिले, आधी हसले, मग एकेकाने टोपली खाली ठेविली, आणि ती पुन्हा कोणी उचलिली नाही. मळा सुटला.

वाचन आरंभिले. आजवरचा शिरस्ता ऐसा की कथा रंगात यावी आणि दूध उतू जावे, भांडी घासायची राहावीत, आणि शेवटास बाईसाहेब हजर नसाव्यात. आज उठण्यास कारण उरले नव्हते. बाईसाहेब खुर्चीत पाय वर घेवोन बैसल्या. कथा संपली. 

"हं," मग म्हणाल्या, "परत वाचा."

ऐसी फत्ते जाहली. मुदतीआधी वेलांट्या दुरुस्त होवोन कथा रवाना जाहली. मजूर मळ्यातून मोकळे जाहले. लेखकरावांची कंबर कामी आली. आणि लग्नास इतकी वर्षे लोटल्यावर बाईसाहेबांनी एक गोष्ट शेवटपर्यंत, बसल्या जागी, दोनदा ऐकिली. हे दप्तरी कायम केले, शाई वाळो.