गुडघे कसे आहेत?

धामणकरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. परदेशात, सेंगकांगच्या मेट्रो प्लॅटफॉर्मवर मी फोनवर मराठीत बोलत होतो. ते जवळ आले, मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "गुडघे कसे आहेत?"

मला वाटलं, माणूस मालिशचं तेल विकत असावा. "बरे आहेत," मी म्हटलं.

"आत्ता बरे आहेत हो," ते म्हणाले, "मला पुढची भीती वाटते."

नोकरीचा माझा तो पहिला दिवस होता. वन-नॉर्थच्या ऑफिसात मला ज्या टेबलावर बसवलं त्याच्या शेजारच्या टेबलावर हाच माणूस डबा उघडून बसलेला दिसला, तेव्हा भीती मला वाटली. तेव्हापासून रोज सकाळी आमची जोडी एकाच गाडीने निघायची आणि सेरांगूनला एकत्र गाडी बदलायची.

"मला भीती वाटते" हे धामणकरांचं पालुपद होतं. पन्नाशीचा, चांगला उंचापुरा माणूस, पण सरकत्या जिन्यावर दोन्ही हातांनी कठडा धरून उभा राहायचा. मागून घाईची माणसं "एक्सक्यूज मी लाह" करून थकायची. हॉकर सेंटरला गेलो की ज्या गाळ्यासमोर सर्वांत मोठी रांग तिथेच जेवायचं, असा त्यांचा नियम. का, तर काही झालंच तर सगळ्यांना होईल. एचआरची मेल ते एक डोळा मिटून वाचत. एकदा दिवाळीच्या शुभेच्छांची मेल त्यांनी अशीच वाचली आणि शेवटी "हुश्श" म्हणाले.

अशा माणसाला वेड कशाचं असावं? अमेरिकन फुटबॉलचं! जो खेळ पायाने कमी आणि खांद्याने जास्त खेळतात, ज्यात हत्तीएवढी माणसं एकमेकांवर चाल करून जातात, तो. तरुणपणी शिकायला ते अमेरिकेतल्या एका बर्फाळ गावात होते. त्या गावाची टीम म्हणजे "आपले". आपले दर वर्षी हरत. "आपले या वर्षीपण पडणार, मला भीती वाटते," असं ते मोसमाच्या पहिल्याच सोमवारी सकाळी सांगत, आणि आपले त्यांचा शब्द मोडत नसत.

पण खरा रंग चढायचा तो जानेवारीनंतर. तिकडे दर वर्षी एप्रिलच्या अखेरीला कॉलेजातली खेळाडू पोरं एकेक करून टीम्स निवडून घेतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. आधी पहिली फेरी, मग दुसरी, असं चालतं. चांगली पोरं पहिल्या फेरीत जातात. या पोरांची उंची, वजन, हाताची लांबी, पळण्याचा वेग, सगळं जाहीर असतं, आणि ते सगळं धामणकरांना तोंडपाठ असायचं. मतं मात्र त्यांची स्वतःची.

"हा चेंडू फेकणारा पोरगा बघ. हात सोन्याचा. पण कोणी अंगावर आलं की डोळे मिटतो. मी पण मिटतो, पण मला कोणी पहिल्या फेरीत घेत नाही."

"तो जाडा? डावीकडे उभा राहतो तो? भिंत आहे रे, भिंत. पण वळायला लागला की गाडी रिव्हर्स घेतल्यासारखं वाटतं."

"याचं कॉलेज मोठं आहे म्हणून सगळे भुललेत. समोर कोण खेळत होतं? दूधखुळी पोरं. आपले यालाच घेणार, मला भीती वाटते."

इतक्या वर्षांत त्यांना एकही पोरगा पूर्ण पसंत पडल्याचं मी ऐकलं नाही. शेवटी गाडी यायची ती गुडघ्यावरच. कॉलेजात दुखावला होता, ऑपरेशन झालंय, वरून कळत नाही पण आतून गेलाय. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, धडधाकट माणूस जगात आहे की नाही?"

"असेल," ते म्हणाले. "पण मी त्याच्या नावाची शिफारस करणार नाही."

आणखी एक गोष्ट होती. सेरांगूनला गाडी बदलून बसलो की धामणकरांचा फोन वाजायचा. त्या वेळी पुण्यात नुकतं उजाडत असायचं. फोन वाजला की ते आधी दचकायचे, मग घसा साफ करायचे, आणि एकदम वेगळ्याच सुरात बोलायला लागायचे. "हो, एक मुलगा आहे. चांगला सव्वासहा फूट उंच. शिकलेला. घरी आई आहे, तिला फार जपतो. हो, हो... पण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय गं. तेच म्हणतो मी. नको. आपण थांबू. दुसरा बघतो." फोन ठेवला की ते खिडकीच्या काळ्या काचेकडे बघत बसायचे. पुण्यातला कोणी फुटबॉलवेडा मित्र असेल म्हणावं, तर ही "गं" कोण? आणि आईला जपतो हे चेंडू फेकायला कशाला लागतं?

उलगडा एका बाईंमुळे झाला. गाडीत समोर बसल्या होत्या, पायाशी लिटिल इंडियातल्या किराण्याच्या दोन पिशव्या. धामणकरांचा फोन संपताच त्या पुढे वाकल्या.

"माफ करा हं, कानावर पडलं. तुमच्याकडे मुलगा आहे का? आमच्या भाचीचं बघतोय. गुडघ्याचं आम्हाला चालेल."

धामणकर पांढरेफटक पडले. "तो... तो गेला."

"अगं बाई! गेला?"

"म्हणजे दुसऱ्यांनी घेतला. घेणार आहेत. पहिल्या फेरीत."

"पहिल्या भेटीतच ठरलं म्हणा की," बाई हळहळल्या. "उंच मुलं कुठे राहतात हो."

बाई पुढच्या स्टेशनला उतरल्या. मी हसून हसून वाकलो होतो. वर पाहिलं तर धामणकर हसत नव्हते.

"आई असते फोनवर," ते म्हणाले.

त्यांच्या आईची स्मृती गेली होती. वहिनी, म्हणजे धामणकरांची बायको, पुण्यात तिच्याजवळ राहत होत्या, म्हणून तर धामणकर सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये एकटे. त्यांची धाकटी बहीण नंदा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली होती. आईच्या डोक्यातून ते लग्नही पुसलं गेलं आणि मरणही. उरली ती फक्त बावीस वर्षांची नंदा, लग्नाची राहिलेली. रोज पहाटे आई घाबरून जागी व्हायची. पोरीचं वय चाललं, कोणी स्थळ बघत नाही, मी मेल्यावर तिचं कसं होणार? सुरुवातीला धामणकरांनी खरं सांगून पाहिलं. आईने नंदासाठी असा टाहो फोडला की जणू आत्ताच गेली. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच विचारणा. दुसऱ्या दिवशी त्यांच्याने खरं सांगवलं नाही. तोंडी आला तो आदल्या रात्री वाचलेला एक खेळाडू. सव्वासहा फूट, शिकलेला.

"स्थळ आहे म्हटलं की शांत होते," ते म्हणाले. "पहिला प्रश्न विचारते, गुडघे कसे आहेत? तिचे स्वतःचे गेलेत ना. मग चहा घेते. नाहीतर बाहेर पडते रे. मागच्या महिन्यात बायकोची नजर चुकवून पार रस्त्यापर्यंत गेली. स्थळ शोधायला. रिक्षावाल्याने हात धरून आणून सोडली."

त्यानंतर गाडीत तो फोन वाजला की त्यांच्याबरोबर मीही दचकायचो. ज्या खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, त्यातली पोरं मी शोधून द्यायला लागलो. "हा बघा, पाद्र्याचा मुलगा आहे," मी सांगायचो. धामणकर म्हणायचे, "छान. खोट काय आहे?"

मग आला ड्राफ्टचा शुक्रवार. तिकडे गुरुवारची रात्र, इकडे आमची ऑफिसची सकाळ. धामणकरांच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात पहिली फेरी चालू होती. पण त्यांचं लक्ष नव्हतं, कारण गाडीत फोन आलाच नव्हता. वहिनींचा मेसेज होता की आई अजून उठल्या नाहीत. तेवढ्यात नव्या साहेबाने त्यांना मीटिंगला बोलावलं. हा साहेब दारात टोपली ठेवायचा, सगळ्यांनी फोन त्यात टाकून आत जायचं. टोपलीत वाजलेला फोन कोण उचलणार?

धामणकरांनी फोन माझ्या हातात दिला.

"आईचा आला तर उचल. एक मुलगा सांग. उंच सांग. मग काहीतरी खोट काढ." दोन पावलं गेले आणि परत आले. "ठरू मात्र देऊ नकोस, पाध्ये. काही झालं तरी ठरू देऊ नकोस."

ते आत गेले आणि फोन वाजला. मी कोण ते सांगितलं.

"आई, अरूच्या ऑफिसातले आहेत," वहिनींचा आवाज आला, आणि मग एक बारीक, कापरा, धापा टाकणारा आवाज. "अरू कुठेय? आज बघायला यायचेत ना? कोणीच कसं आलं नाही? तुम्ही मुलाकडचे का?"

मी पाठ केलेला सव्वासहा फुटी पाद्र्याचा मुलगा ऐन वेळी डोक्यातून पार गेला. "हो," मी म्हणालो. "मुलाकडचा."

"उंची किती?"

समोर काचेत मी दिसत होतो. "पाच फूट सात."

"बुटका आहे," आजी म्हणाल्या. "आत्तापर्यंतचे सगळे उंच होते. गुडघे कसे आहेत?"

"चांगले आहेत. अगदी चांगले."

"खरंच?" आवाजातली धाप थोडी बसली. "मग खोट काय आहे? काहीतरी असणार."

आता खोट काढायची होती. दारू सांगावी? कर्ज? त्या घाबरल्या तर? एवढी म्हातारी पुण्यात दाराच्या कडीवर हात ठेवून उभी आहे असं मला दिसायला लागलं. तोंडातून माझंच खरं निघून गेलं. "घाबरट आहे," मी म्हणालो. "लग्नालासुद्धा घाबरतो. म्हणून राहिलाय."

मग आजी म्हणाल्या, "असू दे. घाबरट असलेला बरा. वेळेवर घरी येतो."

मी काही बोलणार तेवढ्यात त्या वहिनींना सांगत होत्या, "अगं, ठरलं हो नंदाचं. साखर आण."

मीटिंग संपली. धामणकर बाहेर आले आणि माझा चेहरा बघून तिथेच थांबले.

"ठरलं," मी म्हणालो.

ते मटकन खुर्चीत बसले. कोपऱ्यातल्या स्क्रीनवर आपल्यांचा नंबर आला होता, कोणीतरी पोरगा टोपी घालून आईला मिठी मारत होता. धामणकरांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नंदाचं स्थळ मीच आणलं होतं," ते म्हणाले. "माझ्या वर्गातला. उंच, गोरा, नोकरी चांगली. मी एक प्रश्न विचारला नाही, पाध्ये. आजारी पडली तर त्या लोकांनी आम्हाला कळवलं नाही. कळलं तेव्हा काही करण्यासारखं उरलं नव्हतं." चष्मा काढून ते पुसत राहिले. "बघणं चालू असतं तोवर ती घरात असते. ठरलं की सासरी जाणार. आता आई विचारेल, कशी आहे ती. मी काय सांगू?"

मी त्यांची माफी मागितली आणि आजींशी झालेलं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं, तो घाबरट मुलगा कोण तेही.

शनिवारी फोन आला नाही. रविवारी नाही. आई शांत झोपतात, एवढाच वहिनींचा मेसेज. सोमवारी सेरांगूनला गाडी बदलली, तेव्हा धामणकरांच्या दोन्ही हातांनी खांब धरलेला होता, आणि गाडी तर सरळ चालली होती.

फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून माझ्याकडे थोडा कलता धरला. एकट्याने ऐकायची त्यांची छाती नव्हती.

"अरू," आजी म्हणाल्या. आवाजात कापरं नव्हतं. "नंदा कशी आहे रे सासरी?"

सगळ्या जगाच्या गुडघ्यांत खोट काढणाऱ्या त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. खालून वर, अगदी पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

"बरी आहे गं," ते म्हणाले. "सुखात आहे. तो वेळेवर घरी येतो."

"मग झालं," आजी म्हणाल्या.

त्या संध्याकाळी काम अर्धवट टाकून मी वेळेवर घरी गेलो. घरी कोणीच नव्हतं. तरी गेलो.