हेडफोन लावून हलवलेली मान

संसारात शांतता कशी मिळवायची ते मला कळलंय, असं मी छातीठोकपणे सांगत होतो. बरोब्बर नऊ दिवस!

माझी नोकरी धरणगावला, जमीन मोजणीची. म्हणजे दिवसभर बांधाची भांडणं ऐकायची. सहा इंच जमिनीसाठी सख्खे भाऊ असे ओरडतात, की मधे उभ्या असलेल्या माणसाच्या कानाचे पापड होतात! तिथून गाडीनं भुसावळला घरी यावं, तर बायको हेमलता दारातच सुरू होते. तिची धाकटी बहीण कामिनी इथल्या शाळेत शिकवते, आमच्याकडेच राहते. ती शाळेचं सांगते. आबा, म्हणजे माझे वडील, बातम्या सांगतात. टीव्ही तर कुणाचंच न ऐकता बोलत असतो. मी थकलो होतो हो! अगदी हाडांपर्यंत.

म्हणून मी हेडफोन घेतले. मोठे, गुबगुबीत, बाहेरचा आवाज बंद करणारे. कानावर चढवले की हेमलताचे फक्त ओठ हलताना दिसायचे. काय सुंदर दिसायची!

आबांना मात्र ते बघवेना. त्यांची एकतीस वर्षं रेल्वेच्या कंट्रोलमध्ये गेली, काळे जड हेडफोन डोक्याला आवळून. कुठली मालगाडी कुठं थांबवायची ते त्यात ऐकू यायचं. एक शब्द चुकला तर दोन गाड्या समोरासमोर! अजून त्यांच्या केसांत त्या पट्टीचा खळगा आहे. माझ्या कॉलेजात वॉकमन आला, तेव्हा त्याची नारिंगी स्पंजाची एक चकती माझ्या कानाला आणि दुसरी मित्राच्या कानाला असायची. डोक्याला डोकं लावून आम्ही गाणी ऐकायचो.

"आम्ही ऐकायसाठी लावायचो," आबा म्हणाले. "तू न ऐकायसाठी लावतोस. उलटी गंगा!"

हे मी हेडफोन काढल्यावर त्यांना पुन्हा सांगावं लागलं.

माझं तंत्र सोपं होतं. दर अर्ध्या मिनिटानं मान हलवायची. मधूनच भुवया उंचवायच्या. एखादा "अरेरे!" टाकायचा. गाणी बारीक लावतो, सगळं ऐकू येतं, असं सांगून ठेवलं होतं; आबा सोडले तर कुणाला शंका येत नव्हती. उलट हेमलता शेजारणीला म्हणाली, "हल्ली हे फार समजून घेतात!"

त्या बुधवारी हेमलताचे मामा आले. पितांबरमामा, धरणगावचे. घरात मी एकटाच. मामा बोलायला लागले की कापूस पिंजल्यासारखं चालतं. कानावर हे काय, असं त्यांनी विचारलंही असेल; मी वीस मिनिटं मान हलवली. शेवटी त्यांनी आनंदानं माझा हात दाबला, चहा पिऊन गेले. मलाही बरं वाटलं. पाहुणा खूश, आपण ताजेतवाने!

रविवार उजाडला. गच्चीवर हेमलताचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, चालले होते. हात कोपरापर्यंत ज्वारीच्या पिठात, अंगावर जुना गाऊन. कामिनीनं केसांना मेंदी थापून वर दुकानाची प्लास्टिकची पिशवी बांधली होती. मी बनियनवर. आणि दारात क्रूझर थांबली.

एक उतरला, दोन उतरले... अकरा माणसं! सगळ्यात पुढे पितांबरमामा, इस्त्रीच्या टोपीत.

"जवाईबापू, तयारी शे ना बठ्ठी?"

"सगळी तयारी? कसली?"

"कसली म्हंजे? धुळ्याचे पाहुणे! कामिनीले देखाले येल शेत!"

कामिनीला बघायला पाहुणे, आणि मला पत्ताच नाही! गच्चीवरून हेमलतानं खाली पाहिलं. तिनं माझ्याकडे जे पाहिलं, त्यानं बिबडे उन्हाशिवाय वाळले असते!

कामिनी पिशवीसकट न्हाणीघरात पळाली. मी शर्ट उलटा घातला, तो सुलटा केला, पुन्हा उलटाच झाला. अकरा जणांना बसायला चार खुर्च्या आणि एक पलंग. आबांनी मात्र कमाल केली. पाहुण्यांना गाडीची वेळ विचारल्यासारखं एकेकाचं गाव विचारत त्यांनी दहा मिनिटं काढली.

मुलाचं नाव कुंदन. गुरांचा डॉक्टर. शांत, सावळा, नीटनेटका. त्याची आई धुरपदाबाई त्याच्या शेजारी, पदर सावरून बसलेली. मी विचारलं, "दवाखाना कुठं आहे आपला?"

कुंदन खिडकीकडे बघत होता. उत्तर नाही.

पुन्हा विचारलं. तो हसला आणि त्यानं मान हलवली.

ती मान! ती मान मी ओळखली! अशी मान फक्त न ऐकणारा माणूसच हलवतो. मी वाकून पाहिलं, तर काय? कानात छोटं, कातडीच्या रंगाचं बटण! वा रे पठ्ठे! मुलगी बघायला आलाय आणि कानात गाणी!

आणि मी, ज्यानं नऊ दिवस घरात एक शब्द ऐकला नव्हता, तो मी तापलो.

"डॉक्टर," मी मोठ्यानं म्हटलं, "आधी कानातलं ते काढा! मुलगी बघायला आलात की मॅच ऐकायला? काही रीतभात?"

धुरपदाबाईंचा चेहरा उतरला. कुंदननं हळूच कानातलं बटण काढलं आणि तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरलं.

"ऐकायचं मशीन आहे," तो म्हणाला. "लहानपणी ताप आला होता. मघाशी खिडकीकडे बघत होतो, म्हणून तुमचं कळलं नाही. माफ करा."

माफी तो मागत होता! मला जमीन मोजता येते. त्या क्षणी ती दुभंगवता आली असती तर बरं झालं असतं.

धुरपदाबाई उठल्या. "चाल कुंदन. आम्ही काही लपाडेल नव्हतं. पह्यलेच सांगेल व्हतं."

"मी यास्ले सांगं ना!" पितांबरमामा कळवळून माझ्याकडे बोट करत म्हणाले. "बुधवारले! पोऱ्याले ऐकू कमी येस, कानमा मशीन शे, घरमा इचारी ल्या, मग रविवारले पाहुणास्ले लयतो! तुम्ही मुंडी हालाडी, जवाईबापू! 'अरेरे' बी म्हनात!"

सगळे माझ्याकडे बघत होते. आता मान हलवायचीही सोय नव्हती.

"मामा," मी कसाबसा म्हणालो, "माझ्या कानाला हेडफोन होते. मी काहीच ऐकलं नाही. चूक माझी आहे. डॉक्टर, मी तुमचा अपमान केला."

तेवढ्यात आतलं दार उघडलं. कामिनी! डोक्यावर तीच पिशवी, कपाळावरून हिरवा ओघळ. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे न बघता ती सरळ कुंदनसमोर येऊन बसली. त्यानं मशीन पुन्हा कानात घातलं.

"किती ऐकू येतं?" तिनं विचारलं.

"समोरून बोललात तर सगळं."

"आणि मागून बोललेलं?"

"ते ऐकू आलं नाही म्हणून अजून तरी काही नुकसान झालं नाही."

कामिनी हसली. "माझ्या वर्गात एक्कावन्न मुलं आहेत. दोन्ही कान शाबूत, पण ऐकत एकही नाही! तुम्ही निदान बघता तरी."

धुरपदाबाई हळूच खाली बसल्या. "पोरी," त्या म्हणाल्या, "डोकं धुई ये आधी. कपाळ लाल व्हई जाई."

मग ओले बिबडे, कच्चं तेल आणि कांदा आला. अकरा जणांनी गच्ची साफ केली. पसंती झाली.

जाताना कुंदन मला जिन्यात भेटला. मी पुन्हा माफी मागितली. तो म्हणाला, "सोडा हो भाऊ. एक सांगू? कुणाला बोलू नका. घरात वाद सुरू झाला की मी हे बंद करतो. कुणी रागवतही नाही!"

मी पायरीवरच बसलो. काय ती सोय! काय तो मान!

दुसऱ्याच आठवड्यात मी जळगावला जाऊन कान तपासून घेतले. वयाची पंचेचाळिशी, बांधावरचा गोंगाट. काहीतरी निघेलच, अशी आशा होती. डॉक्टरांनी दोनदा तपासले आणि माझी पाठ थोपटली.

"दोन्ही कान उत्तम! अगदी लहान मुलासारखे!"

रिपोर्ट हेमलतानं वाचला, घडी घालून कपाटात ठेवला, माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि आमच्या लग्नाच्या दिवसापासून सुरुवात केली. सध्या आम्ही २०१४ पर्यंत आलो आहोत.