धर्माबाबांची धार

वाशीजवळच्या तळवलीच्या धर्माबाबा म्हात्र्यांनी माझ्या आबांना, म्हणजे वडिलांना, वाचवलं. काय झालं ते मागाहून सांगतो, नाव आधी सांगितलेलं बरं. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. लिहिताना भरकटलो तरी नाव तेवढं राहील.

बाकीचं जग भेटल्यावर ‘जेवलात का’ विचारतं. धर्माबाबा विचारतात, “धार कशी हाय?”

धार म्हणजे लघवीची. ओट्यावर बसून ते पोस्टमनला विचारतात, दूधवाल्याला विचारतात. एकदा मतं मागायला आलेला उमेदवार हात जोडून उभा राहिला, तर त्यालाही विचारलं. तो गडबडून म्हणाला, “आपल्या आशीर्वादाने चांगली आहे.” बाबा मागे वळून म्हणाले, “याला मत द्या रं. येक काम तरी धड करतो.”

मी साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. वाशीच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलतो आणि बाबांच्या चाळीत भाड्याने राहतो. परमुलखात माणसाला सारखी धास्ती असते. काम जाईल का, खोली जाईल का, गावाकडून वाईट फोन येईल का. मी आलो त्याच आठवड्यात बाबा खाडीवरून परतले आणि माझ्या दारात पानावर मासळी ठेवून निघाले.

“बाबा, हे कशाला?”

“जालं वर आलं तवा तू काठावर हुबा व्हतास ना, घाट्या? मंग तुझा वाटा.”

खाडीचा हा त्यांचा कायदा. जाळं ओढणाऱ्याला वाटा मिळणारच, पण काठावर जो उभा असेल त्यालाही रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. जमिनी गेल्या, मिठागरं गेली, समोर इमारती उठल्या, तरी हा कायदा बाबांनी सोडला नव्हता.

आणि धारेचा नाद लागला तो नेरूळच्या एका हॉस्पिटलात. उतारवयात पुरुषांची एक गाठ वाढते, प्रोस्टेट म्हणतात तिला, आणि लघवीची वाट अडते. तिच्यावरच्या एका नव्या गोळीचा तिथे अभ्यास चालला होता. निम्म्या म्हाताऱ्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली, हे म्हाताऱ्यांना ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही नाही. बाबा त्यात होते. शाळेचा उंबरा न ओलांडलेला माणूस गावभर सांगत फिरायचा, “मी अभ्यासात हाय.”

त्यांचा वार बुधवार. बुधवारी आगरी माणूस ताटातली मासळी सोडून हलत नाही, पण बाबा पांढरा शर्ट घालून, तांब्याभर पाणी पिऊन बसला निघायचे. तिथे एका यंत्राच्या नरसाळ्यात लघवी करायची, की यंत्र कागदावर धारेची रेघ काढणार. जोर असेल तर रेघ गावामागच्या पारसिकच्या डोंगरासारखी चढते, नसेल तर जमिनीवरच सरपटते. म्हणून बाबा वाटेत कुठेही मोकळे व्हायचे नाहीत. बसला खड्डा लागला की ड्रायव्हरच्या घराण्याचा उद्धार करायचे.

सानपाड्याचे सावंत नावाचे एक पेन्शनर त्याच अभ्यासात होते. बाबांचा जीव सावंतांवर जळायचा.

“माझा पारसिकचा डोंगर आला रं! सावंताचा? शेताचा बांध! गोली साखरेची हाय त्याची.”

पुढच्या खेपेला सावंतांचा डोंगर उंच आला, तर बाबा दोन दिवस जेवले नाहीत. “पोटात पंप बसवलाय त्या भ... जाऊ दे, आज गुरवार, देवाचा वार हाय.”

लोक हसायचे. मी हसायचो नाही. बाबा सावंतांवर जळायचे आणि मी बाबांवर.

कारण गावाकडे माझ्या आबांना हेच दुखणं होतं. आबा बांधाआड जाऊन इतका वेळ उभे राहायचे की परत येईपर्यंत बैल आपले आपण घरी यायचे. त्यांच्यासाठी कुणी यंत्र लावलं नव्हतं. कुणी झाडपाल्याचा काढा दिला, कुणी ताईत बांधला. आणि इथे बाबांच्या लघवीला चहा-बिस्किट होतं, बसभाडं होतं, शिकलेली डॉक्टरीण होती. बाबा सांगायचे, “बाई इचारते, बाबा, झोप लागते का? रातचे किती येला उठता? घरात सोबतीला कोन असतं?” ऐकताना मनात यायचं, माझ्या बापाची लघवी काय रस्त्यावर पडली होती?

शेवटी धीर करून मी आबांना बोलावून घेतलं. आबा खोलीत आले, भिंतीला टेकले आणि म्हणाले, “मला काय बी न्हाई झालं. तू उगं खर्चात पडू नगंस.” म्हणाले आणि मोरीत गेले. बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

बाबा दारात उभे होते. पहिल्यांदाच त्यांनी धार विचारली नाही.

मी सकाळी बाजारात गेलो की दोन्ही म्हातारे ओट्यावर बसायचे. मी कामावरून आलो की आबांना गरम पाणी द्यायचो, पाय चोळायचो, मोरीपर्यंत हात धरून न्यायचो आणि बाहेरून विचारायचो, “आबा, झाली का?” बाबा समोरून बघत राहायचे, मग उठून आत जायचे. मला वाटायचं, नव्या म्हाताऱ्याचा यांना कंटाळा आला.

बुधवारी बाबा आबांना घेऊन नेरूळला गेले. मी गोण्यांखाली होतो. पुढचं मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

अभ्यासात नवीन माणूस घेणं बंद झालं होतं. पण बाईंनी आबांना बघितलं. लघवी करून आले तरी आबांची पिशवी भरलेलीच होती. बाई म्हणाल्या, “असंच चाललं तर किडन्या जातील. आजच दाखल करा, नळी घालू, मग दुर्बिणीने गाठ काढू.” तेवढ्यात आबा पलंगावरून उठले आणि भोवळ येऊन पडता पडता वाचले. रक्तदाब एकदम उतरलेला.

“असा रक्तदाब औषधानेही उतरतो. आजोबा, कुठलं औषध घेता?”

“काय बी न्हाई,” आबा म्हणाले.

“नीट आठवा. कळल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही.”

मग बाबांनी बाईंकडे न बघता सांगितलं, “माझी गोली घेतो तो. रोज अर्धी मी, अर्धी तो.”

“बाबा! अभ्यासातली गोळी वाटून घेतली?”

“काठावर हुबा व्हता, बाई. त्याला वाटा नाय द्यायचा?”

बाई डोक्याला हात लावून बसल्या. मग त्यांना हसू आलं असावं, पण नियम तो नियम. बाबांचं नाव अभ्यासातून निघालं. बाबांना हे ठाऊक होतं. गोळी दुसऱ्याला दिली तर बाद, हे त्यांना पहिल्याच दिवशी बजावलेलं होतं. गप्प राहिले असते तर त्यांचा बुधवार वाचला असता.

दाखल करताना खिडकीवरच्या माणसाने विचारलं, “पेशंटचे तुम्ही कोण?”

“भाव.”

“सख्खे? मग आडनाव वेगळं कसं?”

“आडनाव येगलं,” बाबा म्हणाले, “धार येकच.”

आबा बरे झाले. गावी जाताना एसटीत बसून म्हणाले, “त्या म्हाताऱ्याला जप. लई येकटा हाय.”

मला तेव्हा ते पटलं नाही. एवढी चाळ, वाशीला फ्लॅट घेऊन राहणारे दोन मुलगे, असा माणूस एकटा कसा? मग बुधवार आला. बाबा पांढरा शर्ट घालून ओट्यावर येऊन बसले आणि बसलेच राहिले. गोळ्या तर बाईंनी बाबांना दुकानातल्या लिहून दिल्या होत्या, मीच आणून दिल्या होत्या.

“बाबा, कुठं निघालात?”

“कुठं नाय.” रस्त्याकडे बघतच ते म्हणाले, “तुझ्या आबाचा मना लई राग यायचा रं. मोरीच्या भायेर पोरगा हुबा राहून इचारतो, झाली का. मना त्या बाईशिवाय कोन इचारतं?”

मी त्यांच्यावर जळत होतो, आणि तोच माणूस समोरच्या ओट्यावरून माझ्या बापावर जळत होता. आणि जळता जळता रोज त्याला अर्धी गोळी देत होता.

मी त्यांच्याशेजारी बसलो. त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. “बाबा, धार कशी हाय?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग छाती काढून म्हणाले, “पारसिकचा डोंगर!”

तेव्हापासून कामावर जाताना हा प्रश्न मी विचारतो. उत्तर तेच येतं, खरं असो नसो. पण एवढ्याने काही फिटत नाही. एक दिवस त्यांनाही नेरूळला न्यायची वेळ येईल. त्या दिवशी बाजार बुडाला तरी चालेल, हात धरून मीच नेणार आहे. खिडकीवरचा माणूस विचारेल, “पेशंटचे तुम्ही कोण?” मी सांगेन, मुलगा. आणि त्याने आडनावाचं विचारलं, तर काय सांगायचं ते मला पाठ आहे.