सासूबाईंचे पांढरे ठिपके

हे कुणाला सांगायचं नाही, असं बाबांनी मला बजावलं आहे. मी तशीही कुणाशी फारसं बोलत नाही, त्यामुळे बजावायची गरज नव्हती. पण लिहायचं नाही, असं काही ते म्हणाले नाहीत. विमा कंपनीतल्या माणसाने खरं तर एवढी मोठी पळवाट ठेवायला नको होती.

बाबा आरोग्यविम्याचे क्लेम तपासतात. म्हणजे लोक खरोखर आजारी होते की फक्त क्लेमपुरते, ते शोधून काढतात. "खोटं बोलणारा माणूस लक्षणं रचायला जातो आणि तिथेच सापडतो," हे त्यांचं वाक्य आम्ही जेवताना नेहमी ऐकतो. (भाजी बिघडलेली असली की तोंडी लावायला बरं पडतं.)

तर या बाबांनी एक दिवस घरात काचेची टाकी आणली आणि तिच्यात एकुलता एक मासा सोडला. नारिंगी, गोल पोटाचा. मासा बघितला की मन शांत राहतं म्हणे. आजी, म्हणजे आईची आई, आमच्याकडेच राहते. तिने चष्मा पुसून मासा नीट निरखला.

"जावईबापू, गॅलरीत तुम्ही झाडं लावली होती. त्यांचं काय झालं?"

"ऊन कमी पडलं."

"आणि त्या निवडुंगाचं?"

"त्याला पाणी जास्त झालं."

"मग याला काय होणार आहे?"

त्या क्षणापासून तो नुसता मासा राहिला नाही, बाबांची इज्जत झाला. इज्जत टाकीत गोल गोल फिरायची आणि बाबा तिला सकाळ-संध्याकाळ खायला घालायचे.

मग एका सकाळी इज्जतीवर पांढरे ठिपके उठले. अंगाला मिठाचे कण चिकटल्यासारखे. मासा खाईना, कोपऱ्यात तोंड खुपसून बसे, मधूनच तळाच्या दगडांवर अंग घासून येई. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. टाकीतलं तेवढं राहिलं.

माशांच्या दुकानदाराने एक निळं औषध दिलं. थोडे थेंब घाला आणि दिवसभर लक्ष ठेवा, म्हणाला. थोडे थेंब ही भित्र्या लोकांची मात्रा असते असं ठरवून बाबांनी अर्धी बाटली ओतली. पाण्याची शाई झाली. आता ठिपके दिसत नव्हते हे खरं, पण मासाही दिसत नव्हता. बाबा बाह्या सरसावून त्याला हाताने चाचपू लागले आणि कोपरापर्यंत निळे झाले.

"सापडला का?" आजीने विचारलं. "की यालाही ऊन कमी पडलं?"

"आहे, आहे! बोटाला लागला."

"चावला असता तर बरं झालं असतं. निदान जिवंत आहे एवढं कळलं असतं."

दिवसभर लक्ष ठेवायचं तर रजा हवी. आणि बाबांचे साहेब म्हणजे, पाय प्लास्टरमध्ये असतानाही ऑफिसला येणारा माणूस. तेव्हापासून इतरांची आजारपणं त्यांना नुसता आळस वाटतात. तिथे 'मासा बरा नाही' सांगणार कोण? बाबांनी फोन हातात घेतला, घरातल्या एकेका माणसावरून नजर फिरवली आणि जिथे ती सहज थांबली तिथे थांबू दिली.

"साहेब, सासूबाई सिरियस आहेत."

सिरियस सासूबाई खिडकीशी बसून शब्दकोडं सोडवत होत्या.

"काय झालंय मला?"

"काही नाही. तुमचं चालू द्या."

संध्याकाळी बेल वाजली. दार आजीनेच उघडलं. समोर साहेब, हातात सफरचंदांची पिशवी. (संशयास्पद क्लेम साहेब स्वतः तपासतात. बाबा हे विसरले होते.)

"पेशंट कुठे आहेत?"

आजीने साहेबांकडे पाहिलं, सफरचंदांकडे पाहिलं, मग निळे हात घेऊन आतून धावत आलेल्या जावयाकडे पाहिलं. तिला सगळं कळलं.

"मीच," असं क्षीण आवाजात म्हणून तिने भिंत धरली आणि सोफ्यापर्यंत अशी काही गेली, की मी खरंच घाबरून पाणी आणलं.

"तुमच्या हातांना काय झालं?" साहेबांनी बाबांना विचारलं.

"औषध आहे, साहेब. यांचं."

"पोटात घ्यायचं?"

"नाही, यांनाच त्यात ठेवायचं."

आई चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात निघून गेली. साहेब खुर्ची ओढून बसले. "लक्षणं सांगा."

इथे बाबांना स्वतःचंच वाक्य आठवलं. रचायला गेलो तर सापडणार. म्हणून त्यांनी खरी लक्षणं सांगायचं ठरवलं, आणि खरी लक्षणं त्यांच्याकडे एकाच पेशंटची होती.

"अंगभर बारीक पांढरे ठिपके, साहेब."

आजीने शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"खाणंपिणं?"

"बंद. नुसतं तोंड उघडतं आणि मिटतं." बाबांना आता यात थोडी गोडी वाटू लागली होती. "कोपऱ्यात जाऊन बसतात. मधूनच उठतात आणि दगडांवर अंग घासतात."

"कोण, मी?" आजी ताडकन उठून बसली.

"भ्रमही होतो, साहेब. केलेलं आठवत नाही."

साहेब एकदम पुढे झुकले. "घासून झालं की पटकन गिरकी घेतात?"

"घेतात, साहेब!"

"आणि शेपटी मिटून धरतात?"

"अगदी चिकटवून, साहेब!"

आजीने सावकाश मान वळवून आपल्या मागे एकदा बघून घेतलं.

"टाकी कुठे आहे?" साहेब म्हणाले.

साहेबांच्या घरी भिंतभर टाक्या आहेत, हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी बाह्या वर केल्या, शाई बघितली आणि कपाळाला हात लावला. "अहो, रोगाने नसता मेला, तो तुमच्या औषधाने मेला असता!"

"मी काय वेगळं म्हणत होते?" पेशंट म्हणाली आणि एक सफरचंद चिरायला घेऊन गेली.

साहेबांनी थोडं थोडं पाणी बदललं, ते किंचित कोमट ठेवलं, चिमटी-चिमटीने मीठ घातलं. मी पाण्याचा मग हातात धरून उभी होते. बऱ्याच वेळाने निळ्या पाण्यात एक नारिंगी डाग हलला. बाबांनी डोळे पुसले, त्यामुळे तोंडही निळं झालं.

"साहेब, मी खोटं बोललो..."

"चुकलातच. सासूबाई कशाला सांगितल्या? मासा सांगितला असतात तर आठवडाभर रजा दिली असती." साहेबांनी हात पुसले. "सासूबाईंसाठी मात्र आमच्याकडे रजा नसते. आजचा पगार कापतो."

मासा बरा झाला. पण तेव्हापासून साहेब ऑफिस सुटलं की पेशंटला बघायला येतात. टाकीसमोरच्या खुर्चीत साहेब बसतात, आजी त्यांना कोड्यातले शब्द विचारते आणि बाबा चहाचा ट्रे घेऊन उभे राहतात. आजी सोडून कुणाचंच मन शांत नाही.

आज तर साहेब स्वतः रजेवर निघाले आहेत, फिरायला. त्यांचे मासे विश्वासू माणसाकडे ठेवायला म्हणून ते दुपारीच टाक्या उतरवून गेले. "नीट सांभाळलेत तर तुमच्या बढतीचं बघू," असं जाताना म्हणाले. बाबा इतके खूश झाले, की तेव्हापासून टॉर्च घेऊन एकेका माशाची अंगतपासणी करत आहेत. आणि आता बाहेरून आजी ओरडते आहे.

"अगं ए, लिहीत काय बसलीस! बादली आण, पळ! साहेबांच्या माशावर ठिपका दिसला म्हणून तुझ्या बाबांनी ती उरलेली अर्धी बाटली..."

आले, आले. मी एवढंच लिहिणार होते, की बाबांची बढती आता जवळजवळ