सासूबाईंची जळजळ

भूगोलाचे वग्दी मास्तर एका तासात चौथ्यांदा वर्गाबाहेर पडले, तेव्हा इजिप्तमधल्या अस्वानच्या मुलींच्या शाळेत खसखस पिकली. मास्तर जायचे धावत आणि यायचे पाय ओढत. तीन दिवस लघवीला नुसती आग होत होती. दवाखाना गल्लीच्या तोंडाशीच होता. पण तिथली डॉक्टर इब्तिसाम म्हणजे त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. जिला आपण नकाशात नाईल शोधायला लावली, तिला हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

म्हणून मास्तर बाजारात बिशाराकाकांच्या जडीबुटीच्या दुकानात शिरले. आत तीन बायका बडीशेप निवडत होत्या.

"लघवीच्या जळजळीवर काही आहे का?" मास्तर पुटपुटले.

बिशाराकाकांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते सगळ्या जगाला बहिरं समजून ओरडत. "लघवीची जळजळ? कुणाला?"

तिन्ही माना वळल्या.

"सासूबाईंना," मास्तर बोलून गेले.

"हाजा इन्शिराहना? अरेरे! थेंबथेंब होते का?"

"हो."

"रात्री किती वेळा उठतात?"

"सहा. काल सात."

"आणि आग आधी होते की नंतर?"

"आधी, मध्ये आणि नंतर!" मास्तर इतक्या कळवळून म्हणाले, की एका बाईनं ओढणीनं डोळे टिपले. "बघा गं! नाहीतर आमचे जावई. सासू जिवंत आहे का, एवढंही विचारत नाहीत."

काकांनी हल्फाबर नावाचं रानगवत आणि मक्याच्या कणसाचे वाळलेले केस पुडीत बांधले. "उकळून दिवसभर पाजा. अशी धो धो होईल, की जंतू थेट समुद्राला मिळतील!"

मास्तरांनी घरी येऊन पातेलंभर काढा एकट्यानं संपवला. इकडे खालच्या मजल्यावर सासूबाई, म्हणजे हजयात्रा करून आलेल्या हाजा इन्शिराह, द्राक्षाच्या पानांत भात भरत बसल्या होत्या. सत्तरी उलटली तरी गॅसचा सिलिंडर त्या स्वतः जिन्यावरून चढवायच्या. अशा बाईंच्या दारात शेजारची उम्म फारेस थर्मास घेऊन उभी राहिली आणि गळ्यात पडून रडायलाच लागली. मागोमाग आणखी सहा जणी आल्या. कुणी सातूचं पाणी आणलं, कुणी जास्वंदीचं, कुणी कसल्याशा मुळ्यांचं.

"पण मला झालंय काय?" हाजांनी विचारलं.

"आता लपवू नका. जावयानं सगळं सांगितलंय. रात्री सात वेळा!"

हाजांनी डोळे बारीक केले. मग जिन्याकडे तोंड करून साद घातली, "वग्दी! खाली ये रे, बाळा!"

वीस वर्षांत त्यांनी जावयाला बाळा म्हटलं नव्हतं. मास्तर भीतभीतच उतरले. समोर सात ग्लास मांडलेले.

"माझा जावई माझ्यावर फार जीव टाकतो हो," हाजा बायकांना म्हणाल्या. "माझं औषध आधी स्वतः पिऊन बघतो. घे, बाळा. पुरता ग्लास. बिचाऱ्यांनी मनापासून केलंय."

चौथ्या ग्लासाला मास्तर उठू लागले.

"बस की! उम्म फारेसचं राहिलंय. तिला वाईट वाटेल."

सातवा ग्लास घशाखाली उतरला आणि मास्तर संडासाकडे झेपावले. दार बंद.

"कोण आहे आत?"

"मी, तहानी," त्या सात जणींतल्या एकीचा आतून निवांत आवाज आला. "पाय धुतेय. बसा हो, मला वेळ आहे."

वरच्या घरात बायको न्हात होती. मास्तर एका पायात आपली आणि एका पायात हाजांची चप्पल घालून रस्त्यावर आले आणि जीव मुठीत धरून मशिदीच्या न्हाणीघराकडे सुटले. चहाच्या दुकानातले म्हातारे कौतुकानं उभे राहिले. "बघा! अजान व्हायच्या आत निघाला. याला म्हणतात श्रद्धा!"

सकाळी मास्तरांना ताप भरला. हाजांनी त्यांचं मनगट धरलं आणि तडक दवाखाना गाठला.

"पोरी," त्या इब्तिसामला म्हणाल्या, "मला जे झालंय ना, ते याला झालंय. तपास याला."

इब्तिसाम हसली नाही, फक्त बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. लघवी तपासली, जंतू सापडले. "सर, काढ्यानं पाणी तरी पोटात गेलं. पण हे जंतू गवताला भीत नाहीत. गोळ्या पूर्ण घ्यायच्या, मध्येच सोडायच्या नाहीत. आणि असला त्रास अंगावर काढायचा नाही."

पाचव्या दिवशी मास्तरांनी लागोपाठ दोन तास शिकवलं, तेही बसून. बाजारात मात्र बातमी पसरली ती हाजा खडखडीत बऱ्या झाल्याची.

आठवड्यानं मुख्याध्यापक लुत्फींनी मास्तरांना खोलीत बोलावलं. दार लावलं. खिडकीही लावली.

"तुमच्या सासूबाईंना उतार पडला म्हणे?"

"पडला, सर."

"नक्की काय दिलंत?" लुत्फींनी खुर्चीत अंग चोरलं. "म्हणजे, त्याचं काय आहे, आमच्याही सासूबाईंना हल्ली... आधी, मध्ये आणि नंतर."

मास्तरांनी इब्तिसामच्या दवाखान्याची वेळ कागदावर लिहून दिली.

लुत्फी सरांचं लग्न अजून व्हायचं होतं.