ठरावकाकांचं कोरं पान

सून दुपारी कामावर निघाली आणि एक पाय चपलेत घालून दारातच थांबली.

"बाबा, पाच वाजता टीव्हीवर तिघा उमेदवारांची चर्चा आहे. मी यायच्या आत संपेल. तुम्ही बघा आणि मला एकच सांगा, सीमेवरच्या पोरांना परत कधी आणणार याबद्दल कोण काय म्हणालं. सोमवारी मत द्यायचंय."

"बघतो की."

"बघाल हो. पण झोपाल."

हे तिचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. काकांना टीव्हीसमोर डुलकी लागायची. बायको होती तोवर ती कोपराने ढोसायची. आता दोन वर्षं ढोसायला कुणी नव्हतं. पण आजची गोष्ट वेगळी होती. सून रुग्णालयात परिचारिका, आणि तिचा नवरा, म्हणजे काकांचा मुलगा, सैन्यात ट्रक चालवायचा. तीन आठवड्यांत संपेल असं सांगून सुरू केलेल्या लढाईला अकरा महिने झाले होते, आणि अकरा महिने तो सीमेवर होता.

काकांनी पाठ टेकायला काही नसलेलं स्टूल टीव्हीसमोर घेतलं. मांडीवर पॅड, हातात पेन, खिशात दुसरं पेन. नगरपालिकेत एकतीस वर्षं त्यांनी सभांचं इतिवृत्त लिहिलं होतं. कुठल्याही गप्पा संपल्या की "मग ठराव काय झाला?" असं विचारायची सवय त्यांना तिथेच लागली, आणि त्यावरून सगळी इमारत त्यांना ठरावकाका म्हणायची. लिहिण्याचा त्यांचा नियम साधा होता. शिव्या घ्यायच्या नाहीत, टाळ्या घ्यायच्या नाहीत, जुन्या आठवणी घ्यायच्या नाहीत. कोण करणार, काय करणार आणि कधीपर्यंत, एवढंच लिहायचं.

पहिल्या अर्ध्या तासात दाढीवाल्या उमेदवाराने ही लढाई कुणामुळे सुरू झाली ते सांगितलं. चष्मेवाल्या बाईंनी ती त्याच्यामुळेच सुरू झाली असं सांगितलं. तिसरे होते माजी मंत्री. ते म्हणाले, आमच्या वेळी असं नव्हतं. काकांनी तीनदा पेन टेकवलं आणि तीनदा उचललं. मग टेबलावर मूठ आपटताना कुणाच्या तरी हातून पाण्याचा पेला सांडला. तो कुणी सांडला यावर सात मिनिटं गेली. त्या सात मिनिटांत मात्र तिघांनीही मुद्दा सोडला नाही.

सात वाजता चर्चा संपली. काकांनी तारीख घातली, सही केली आणि पान टेबलावर ठेवलं.

आठ वाजता सून आली. हातपाय धुवायच्या आधी तिने पान उचललं. त्यावर लिहिलं होतं: "उपस्थित तीन. विषय युद्ध. चर्चा झाली. ठराव नाही." तिने पान उलटून मागची बाजू पाहिली.

"बाकीचं कुठाय?"

"एवढंच आहे."

"दोन तास चालली होती बाबा. डोळा लागला असेल तर तसं सांगा. मी रागावणार नाही." गोळी गिळली म्हणणाऱ्या रुग्णाशी ती बहुधा याच आवाजात बोलत असावी.

काकांनी आपण पूर्ण वेळ जागे होतो असं सांगितलं. स्टूलही दाखवलं. मग तिने शेवटचं अस्त्र काढलं. वाहिनीने लोकांकडून प्रश्न मागवले होते आणि तिने एक पाठवला होता. तो घेणार आहोत असा तिला फोनही आला होता. काकांना मुद्दामच सांगितलं नव्हतं.

"एका परिचारिकेचा प्रश्न म्हणून वाचणार होते. वाचला का?"

"वाचला की. तो तुझा होता?"

"मग यात का नाही?"

"उत्तर आलं नाही ना. उत्तर न आलेला प्रश्न इतिवृत्तात घेत नाहीत. तो पुढच्या सभेत येतो."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. "हे तुम्ही आत्ता रचलंत," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

एकतीस वर्षांत काकांच्या इतिवृत्तावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्यांना जेवण गेलं नाही.

सुनेने चौकशी चालूच ठेवली. खालच्या शिंप्याने चर्चा पूर्ण पाहिली होती. तो दाढीवाल्याचा माणूस. त्याने सांगितलं की साहेबांनी त्या प्रश्नाला असं उत्तर दिलं की बाकीचे गप्पच झाले. उत्तर नेमकं काय होतं ते त्याला आठवेना, कारण तेव्हा मशीन चालू होतं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका चष्मेवाल्या बाईंच्या बाजूच्या. त्यांच्या मते बाईंनी चक्क महिना सांगितला होता. म्हणजे शिंप्याकडे उत्तर होतं, शिक्षिकेकडे महिना होता, आणि घरात होतं कोरं पान.

रविवारी सकाळी दहाला तीच चर्चा पुन्हा दाखवणार होते. काकांनी दोघांनाही बोलावलं. सगळ्यांना एकेक कागद आणि पेन दिलं आणि ठराव ऐकू आला की हात वर करायचा असं ठरलं.

चौथ्याच मिनिटाला शिंप्याचा हात वर गेला. "आम्ही मागे हटणार नाही, म्हणाले. लिहा."

"मागे न हटणं हे काम नाही. काम सांग. कोण, काय, कधीपर्यंत."

शिंप्याने थोडा विचार केला आणि हात खाली घेतला. थोड्या वेळाने शिक्षिकेने हात वर केला. बाई 'लवकरात लवकर' म्हणाल्या होत्या.

"लवकरात लवकर म्हणजे किती तारीख?" काकांनी विचारलं.

शिक्षिकेने चष्मा काढून पुसला. मग त्या म्हणाल्या की वही लवकरात लवकर देतो असं सांगणाऱ्या मुलाला त्या वर्गाबाहेर उभं करायच्या. त्यानंतर त्यांनी हात वर केला नाही.

दीड तासाने प्रश्न आला. सून सरळ होऊन बसली. निवेदकाने वाचलं, "माझा नवरा अकरा महिने सीमेवर आहे. तो घरी कधी येईल?" दाढीवाल्याने अशा भगिनींना हात जोडले. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, फार महत्त्वाचा प्रश्न आहे. माजी मंत्री म्हणाले, अशा प्रश्नाचं राजकारण होऊ नये. मग गादीची जाहिरात लागली.

शिंप्याने आपला कोरा कागद घडी घालून खिशात ठेवला. "मग आता मत द्यायचं तरी कुणाला?" त्याने विचारलं. यावरही कुणाचा हात वर गेला नाही. थोड्या वेळाने दोघं आपापल्या घरी गेली.

सुनेने टीव्ही बंद केला. "तुम्ही जागे होतात," ती म्हणाली.

"होतो."

"तरी एवढं लिहायचं होतं बाबा, की कुणीतरी विचारलं होतं."

काकांनी पेन काढलं आणि आपला नियम मोडून सहीच्या खाली लिहिलं: "प्रश्न एक."

दुपारी मुलाचा फोन आला. त्याचा फोन दर रविवारी यायचा. सून आधी बोलली, गळक्या नळाचं सांगितलं, खोकल्याचं विचारलं आणि फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"बाबा, काल म्हणे चर्चा होती," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "आमच्याबद्दल काय ठरलं? तुम्ही लिहून घेतलंच असेल."

पान समोरच होतं. सभेत न बोललेला एक शब्दही काकांनी कधी इतिवृत्तात घातला नव्हता. त्यांनी पानावर हात ठेवला.

"ठरलं ना. थंडीच्या आत सगळ्यांना परत आणणार. तारीखही दिली."

"कुणी?"

"तिघांनी."

पलीकडे मुलगा हसायला लागला. त्याच्यामागे आणखी सात-आठ जण हसत होते.

"बाबा, ती चर्चा इथे आम्ही सगळ्यांनी मिळून बघितली. झोपला होतात ना?"

काकांनी सुनेकडे पाहिलं. ते जागे होते याची आता ती साक्षीदार होती. तिने ताट पुसता पुसता पानावर ठेवलेल्या त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि फोनजवळ वाकली.

"झोपले म्हणजे काय! मी आले तेव्हा घोरत होते."

पलीकडे पुन्हा हसू उसळलं. त्यात मुलाचा आवाज सगळ्यांत मोठा होता. अकरा महिन्यांत तो इतका हसला नव्हता.

"हो रे," ठरावकाका म्हणाले, "पहिल्या पाच मिनिटांतच डोळा लागला."