वासुदेवभाऊंचे कागद

दिग्रसला आमच्या शेजारी वासुदेवभाऊंचा फोटो स्टुडिओ आहे. कुणाचा फोटो छापायचा असला की भाऊ आधी कागद स्वतःच्या गालावर घासतात, तेही डोळे मिटून. नवीन गिऱ्हाईक घाबरतं, जुनं निवांत चहा पितं.

भाऊंना वेड काळ्या-पांढऱ्या फोटोंचं. प्रिंटर साधा शाईचा, पण कागदांचा संसार मोठा. चकचकीत, रेशमी, खरखरीत, शिवाय कापसापासून केलेला एक जाड कागद, जो ते तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांनी उचलतात. माणूस पाहून कागद ठरवतात आणि एकदा ठरला की ब्रह्मदेवाचंही ऐकत नाहीत.

एका व्यापाऱ्याला वडिलांचा फोटो चकचकीत कागदावर हवा होता. भाऊ म्हणाले, "बाबूजी उभ्या जन्मात कधी चमकले नाही. आता कायले चमकवता?" तो रागावून गेला. आठवड्याने परत आला आणि मुकाट्याने खरखरीत कागदावरचा फोटो घेऊन गेला. त्यात बाबूजी इतके हुबेहूब उतरले होते म्हणे, की सून अजूनही फोटोसमोरून जाताना डोक्यावर पदर घेते.

मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा फोटोसाठी रेशमी कागद मागितला. भाऊंनी मला नीट न्याहाळलं. म्हणाले, "सर, रेशमी कागदावर तुम्ही खोटं बोलून राह्यले असं वाटते." शेवटी मीही खरखरीतच झालो. बायको म्हणाली, पहिल्यांदाच तुमचा फोटो तुमच्यासारखा आला.

परवा त्याचीच आणखी एक प्रत घ्यायला गेलो. भाऊ कागद आणायला आत गेले. टेबलाचा खण उघडा होता आणि त्यात वहिनी होत्या. भाऊंच्या बायकोला जाऊन दीड वर्ष झालं. फोटो एकच, वाती वळता वळता मान वर करून हसलेल्या. पण छापलेला दहा-बारा वेगवेगळ्या कागदांवर. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने शेरा: केस फार काळे. गाल सपाट. हसू उडालं.

भाऊ बाहेर आले. मी विचारलं, साऱ्या गावाचा कागद एका नजरेत ठरवता, मग इथंच काहून अडलं?

त्यांनी खण हळूच लोटला.

"ठरला तर फ्रेम करा लागते, सर. फ्रेम झाली का पोरी हार घालतीन."

मग त्यांनीच सांगितलं, नागपूरहून एक नवा कागद येणार आहे, त्यावर एकदा काढून पाहायचं आहे.

"आला का मले बोलवा," मी म्हटलं. "पाहू दोघं मिळून. घाई नाही."